तलाव उंच निघाला

मी चौथी शिकलेला गवंडी. धाकटा भाऊ मात्र इंजिनिअर. परदेशात सरकारच्या पाणी खात्यात त्यानं तीस वर्षं नोकरी केली, अन् सुट्टीच्या दिवशी तिथल्या वस्त्यांत फुकट नळ जोडून दिले. रिटायर होऊन देवणीजवळच्या आमच्या गावी आला अन् म्हणाला, "दादा, तलावाचं पाणी वरच्या आळीला मोटरीशिवाय देतो. चर खणायला माणसं दे."

मी पारावर सगळ्यांदेखत बोललो, "पाणी कधी चढ चढतं का?" माझ्या शब्दापायी एकही माणूस गेला न्हाई. भाऊ एकटाच कुदळ मारत होता.

मला बघवेना. दोन जागांची उंची ताडायची माझी पाणी भरलेली लेव्हलची नळी घेऊन गेलो. "धर टोक!" दिवसभर तलावापासून आळीपर्यंत मापत आलो. डोळ्याला खाली दिसणारा तलाव आळीपेक्षा दोन हात उंच निघाला!

"काय म्हणते नळी, मिस्त्री?" भाऊ हसला.

"तुझं खरं हाय. पण मापलं मी!"

तसाच पळत पारावर गेलो. "उठा रे! मी चुकलो, पाणी येतंय!"

"दादा चुकले म्हणतेत!" पारावरचा एक जण ओरडला. दुसऱ्या दिवशी अख्खा गाव कुदळ-फावडं घेऊन हजर!