अल ऐनला जागा होती

अल ऐनच्या परीक्षा केंद्रात बायकोसाठी जागा मिळत होती, आणि मी घरी येऊन 'फुल्ल आहे' असं सांगितलं. आजवर हे मी कुणापाशी बोललेलो नाही.

आम्ही तेव्हा अजमानला राहायचो, माझी नोकरी दुबईत. लग्नामुळे तिचं बी.ए. दुसऱ्या वर्षावरच राहिलं होतं. इथे ती एका शाळेत बालवर्गाची मदतनीस म्हणून लागली. मुख्याध्यापिका खूश होत्या. म्हणाल्या, पदवी आणा, एप्रिलपासून वर्ग तुमचा. ती आधीपासूनच एका अमेरिकन कॉलेजातून पोस्टाने शिकत होती. दोनच विषय उरले होते, आणि ते थेट परीक्षा देऊन सोडवता येत होते. पास झाली की क्रेडिट्स पूर्ण, पदवी हातात. अडचण एकच, ती परीक्षा घेणारं केंद्र सापडायला हवं.

तिने कुठून कुठून तीन नंबर मिळवले आणि सुपरमार्केटच्या जाहिरातीच्या पाठीमागे लिहून मला दिले. "अहो, ऑफिसातून तुम्हीच विचारा ना. फोनवर माझं इंग्रजी पळून जातं."

दुबईचं केंद्र म्हणालं, फक्त आमच्या विद्यार्थ्यांसाठी. शारजाच्या नंबरवर फॅक्सची शिट्टी वाजायची. अल ऐनला मात्र एका बाईने शांतपणे ऐकून घेतलं. पुढच्या महिन्यात एका बुधवारी, सकाळी दहा वाजता, दोन्ही पेपरांसाठी एक जागा आहे म्हणाली. उद्यापर्यंत राखून ठेवते, नाव सांगा. मी एकेक अक्षर करून बायकोचं नाव सांगितलं. मग ती म्हणाली, येताना मूळ पासपोर्ट हवा, झेरॉक्स चालणार नाही.

"इन्शाल्ला," म्हणून मी फोन ठेवला.

आमच्या कंपनीत रुजू झालं की पासपोर्ट ऑफिसच्या तिजोरीत जायचा. बायकोमुलांचे व्हिसाही कंपनीच करायची, म्हणून त्यांचेही पासपोर्ट तिथेच. बाहेर काढायचा तर अर्ज, अर्जात कारण. रजेशिवाय पासपोर्ट मागणारा माणूस दुसरीकडे नोकरी बघतोय, असंच धरलं जायचं.

तरी मी अर्ज घेतला. कारणाच्या रकान्यापर्यंत लिहिला. एवढ्यात मॅनेजर मागे येऊन उभा राहिला आणि वाकून वाचू लागला.

"क्या हबीबी, बीवी अमेरिका का एग्झाम दे रही है? मतलब तुम भी उडनेवाले!"

दोन क्लार्क हसले. मीही हसलो. "नहीं सर, उसको ऐसे ही शौक है," म्हणालो, आणि अर्ज घडी करून खिशात घातला. तीन वर्षं सगळी कामं उरकून जेवणाच्या टेबलावर ती अभ्यासाला बसायची. त्याला मी शौक म्हणालो.

घरी आलो तर ती दारातच. "काय झालं?"

"खलास. तिन्हीकडे फुल्ल."

"पुढच्या महिन्याचंही?"

"सगळंच."

मुलगी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "बाबा, सो ट्राय अगेन टुमॉरो."

"तू गृहपाठ कर आधी!" मी तिच्यावर खेकसलो. बायकोने मलाच सांभाळून घेतलं. "असू दे हो. किती फोन केलेत तुम्ही, तेही साहेबांची नजर चुकवून." तिने चहा आणून दिला. मी तो प्यायलो.

मॅनेजरची भीती खरी होती, पण सगळा दोष त्या भीतीवर ढकलता येत नाही. डिसेंबरात बायकोच्या भावाच्या लग्नाला आम्ही पुण्याला गेलो, तेव्हा पासपोर्ट मिळालेच होते. परतल्यावर ते परत द्यायच्या आधी आठ दिवस घरच्या कपाटात पडून होते. मी अल ऐनला फोन करून तारीख विचारू शकलो असतो. केला नाही. एकदा 'फुल्ल' म्हणून बसलो होतो, आता जागा निघाली म्हटलं तर ती विचारेल, अचानक कशी, याचीच मला धास्ती. त्या आठ दिवसांत तिने दोनदा विचारलं, कुठे जागा निघाली का, आणि दोन्ही वेळा मी नकारार्थी मान हलवली.

एप्रिलमध्ये तो वर्ग दुसऱ्या बाईंना मिळाला. बायको आणखी सहा वर्षं मदतनीस राहिली. मुलांची नाकं पुसायची, बुटांच्या नाड्या बांधायची, आणि त्या बाई रजेवर असल्या की अख्खा वर्ग शिकवायची. पुस्तकं तिने एका खोक्यात भरून पलंगाखाली सरकवली.

ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. पण अजूनही कुणी पाहुणे आले, शिक्षणाचा विषय निघाला, की ती कौतुकाने सांगते, "माझंच नशीब नव्हतं हो, नाहीतर यांनी तर अख्खी यूएई पालथी घातली होती माझ्यासाठी." पाहुणे माझ्याकडे बघतात. मी "छे, छे" म्हणतो, आणि तो माझा विनय समजला जातो.

हे सगळं लिहिलेला हा कागद तिच्या हाती देऊन सुटावं, असं मनात आलं होतं. पण तेही पळणंच झालं. मी खोटं बोललो आणि का बोललो, ते तिच्यासमोर बसून, तिच्याकडे बघून सांगायचं, आणि मग ती जे म्हणेल ते मध्ये न बोलता ऐकून घ्यायचं. एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.