आईला लागणार नाही अशी गाडी

माझ्या आईला गाडी लागते. म्हणजे कशी, तर एसटी अजून स्टँडातच उभी असते, ड्रायव्हर खाली चहा पीत असतो, आणि आई खिडकीतनं तोंड बाहेर काढून मोकळी झालेली असते. आवळासुपारी झाली, लिंबू झालं, गोळ्या झाल्या. एकानं छातीठोकपणे सांगितलं, सीटवर वर्तमानपत्र पसरून त्यावर बसवा. बसवलं. वर्तमानपत्र वाया गेलं.

आईची थोरली बहीण मलकापूरला असते. आई तिला अक्का म्हणते, म्हणून मीही अक्काच म्हणते. तिलाही गाडी लागते. माहेरच्या जमिनीतलं दोघींना काही मिळालं नाही, हे एवढं मात्र सारखं वाटून मिळालं. आम्ही राहतो कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, घरात मी आणि आई दोघीच. मलकापूर काय लांब आहे? दीड तास. तरी सहा वर्षं दोघी बहिणी भेटल्या नव्हत्या.

सहा वर्षांपूर्वी मी भाड्याची गाडी करून आईला घेऊन निघाले होते. बांबवड्यापर्यंत कसंबसं निभावलं. तिथं रस्त्याकडेच्या एका दगडावर आई जी बसली ती उठेचना. डोळे पांढरे, हातपाय गार. परत त्या गाडीत बसायला तयारच होईना, शेवटी तिला रिक्षाच्या मागच्या सीटवर आडवी करून घरी आणली. तिकडं अक्का तांदळाच्या भाकरी आणि अख्खा मसूर करून दिवस मावळेपर्यंत उंबऱ्यावर बसून होती. त्यानंतर दोघींनी जायचा-यायचा विषयच सोडून दिला.

उरला तो फोन. रोज सात वाजता. मी हौसेनं व्हिडिओ कॉल शिकवला, पण अक्का मोबाईल कानालाच लावते. त्यामुळं आईला सहा वर्षं बहिणीचा फक्त कान दिसला. "बारीक झालीस गं अक्का," असं आई त्या कानाला म्हणायची.

एका संध्याकाळी मी शाळेतल्या वह्या तपासत होते. आई फोनवर हसत हसत म्हणाली, "आता काय गं अक्का, वरच भेटायचं आपण!" आणि तिकडनं अक्काही खो खो हसली. दोघी हसतायत आणि इकडं एका पोराच्या बरोबर गणितावर मी रागानं काट मारली. वरच भेटायचं म्हणे! दीड तासाच्या वाटेवर रस्ता आहे, मी आहे, आणि ह्या निघाल्या वर.

मग मी डोकं लावलं. आईला एसटी लागते, कार लागते. पण गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाहून ती टेम्पोच्या हौद्यात पोत्यावर बसून आली होती. केस विस्कटलेले, तोंडावर धूळ, आणि उतरल्या उतरल्या म्हणाली, "भूक लागलीया, काय हाय?" त्या दिवशी मला कळायला हवं होतं. हिला गाडी लागतच नाही. हिला डोक्यावरचं छप्पर सोसत नाही.

छत उघडणाऱ्या गाड्यांच्या किमती मी मोबाईलवर बघितल्या आणि मोबाईल पालथा घातला. आमच्यासारख्यांना परवडणारी उघडी गाडी एकच, जुनी जीप. ताडपत्रीचं हूड, चार बटणं काढली की आभाळ. शोधत शोधत शिरोलीकडच्या एका गॅरेजात सापडली. दोन नव्या मोपेडच्या पैशात. रंग हिरवा होता असं मिस्त्री म्हणाले.

"वरातीला भाड्यानं लावताय जणू, मॅडम?"

"आईसाठी घेतोय."

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "आईंची वरात?"

"तुमचीच काढतो, थांबा," मी म्हटलं. पण माणूस चांगला. ब्रेक स्वतः तपासून दिले आणि म्हणाले, "हिला एसी न्हाय, पण हवेला कमी न्हाय."

जीप गल्लीत आली आणि माझी राहिली नाही. कोल्हापुरात उघडी गाडी दारात लावणं म्हणजे दारावर पाटी लावणंच की, मिरवणुकीसाठी विचारा. नवरदेवाला जीप पाहिजे. कुस्ती मारून आलेल्या पैलवानाला पाहिजे. सहामाहीत पास झालेल्या पोराला सुद्धा, आणि तो पास कसा झाला ते मलाच माहीत. मी शाळेत असायचे, मागायला येणारे आईकडं यायचे, आणि आई कुणालाच नाही म्हणायची नाही. दर सोमवारी मी सीटच्या फटीतनं गुलाल, गजऱ्याची फुलं आणि खोबऱ्याचे तुकडे काढत बसायचे. शाळेत माझ्या ड्रेसला मागनं गुलाबी डाग. पोरं विचारायची, "मॅडम, कोण निवडून आलं?"

आणि मलकापूर? ते प्रत्येक रविवारी राहायचं. "या रविवारी कोपऱ्यावरच्यांच्या पोराची वरात हाय." "या रविवारी तालमीच्या पोरांनी मागितलीया." असे पाच रविवार गेले. सहाव्या शनिवारी आईनं संध्याकाळच्या वरातीसाठी चावी परस्पर कुणालातरी दिलेली बघितली आणि माझा पारा चढला.

"गाडी कुणासाठी घेतली मी? अख्ख्या पेठेला मिरवायला? तुला जायचंच नाही, तसं सांग की एकदा!"

आई भांडी विसळत होती. आईनं नळ बंद केला. "लागलं तर?" म्हणाली. "मला लागायचं काय न्हाय, आयुष्य गेलं त्यात. पण परत अर्ध्यातनं माघारी आलो, तर अक्का परत उंबऱ्यावर बसंल. ते मला बघवायचं न्हाय गं."

मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू. मी ओरडत होते गाडीसाठी, आणि ती पाच रविवार हे एकटीच गिळत होती. मी म्हटलं, "अक्काला सांगायचंच नाही. पोचलो तर पोचलो. नाहीतर ती वाटच बघणार नाही." आई बराच वेळ पदराला हात पुसत राहिली. मग म्हणाली, "स्वेटर काढून ठेव."

रविवारी सकाळी निघालो. मार्गशीर्षातली थंडी, आईनं कानाला स्कार्फ, वर स्वेटर, वर शाल. हूड काढलेलं. पंचगंगेच्या पुलापर्यंत ती मान खाली घालून बसली होती. "लोक काय म्हणतील? उघड्या गाडीत नवरदेव बसतोय, न्हाईतर निवडून आलेला." केर्ली गेलं. पन्हाळ्याचा फाटा गेला. मी दर दोन मिनिटांनी तिच्या तोंडाकडं बघत होते.

"रस्त्याकडं बघ की," आई खेकसली. तेव्हा मला बरं वाटलं.

बांबवड्यात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडला. जीप थांबली, आणि डावीकडं तोच दगड होता. आईनंही बघितला. तेवढ्यात चहाच्या गाड्यावरचा माणूस पुढं आला आणि त्यानं आईला दोन्ही हात जोडले. आदल्या दिवशीच्या वरातीचा गुलाल सीटवरनं आईच्या पांढऱ्या साडीला लागला होता.

"निवडून आलासा काय मावशी?"

आईनं एकदा साडीकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं. मला वाटलं, आता ही रडते की काय. बाबा गेल्यापासून तिनं गुलालाला हात लावला नव्हता. पण तिनं दोन्ही हात वर करून जोडले आणि ठणकावून सांगितलं, "आलो की!"

तो हसला, ट्रॉलीवाला हसला, मी तर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसले. आई त्या दगडाकडं बघत म्हणाली, "चल, म्होरं चल."

मलकापुरात अक्का दारात तांदूळ निवडत बसली होती. जीप थांबली तशी डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "कोण पावणं?"

"मी हाय."

अक्काच्या हातातलं सूप कलंडलं. उठली, जवळ आली, आईच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. "सांगायचं न्हाईस व्हय गं भवाने? सैपाक न्हाय, काय न्हाय!" आणि मग दोघी एकमेकींना धरून रडायला लागल्या. मी बॉनेट उघडून इंजिनात बघत उभी राहिले. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं.

दुपारी निघताना अक्का गाडीपर्यंत आली. हूडच्या रिकाम्या सळीवरनं हात फिरवत मला म्हणाली, "ह्यात मला लागंल का गं पोरी? फाट्यापर्यंत येऊन बघू काय?" चढली. फाटा आला तर म्हणाली, "इथनं चालत कोण जाईल? जरा म्होरं सोड." जरा पुढं म्हणता म्हणता बांबवडं आलं, तिथं तिनं दोन वडे खाल्ले. वाघबीळ आलं तेव्हा तिनं घरी फोन केला, की मी कोल्हापूरला चाललोय, कोंबड्या कोंडा. फोन कानालाच लावून.

सात वाजता आईनं सवयीनं मोबाईल हातात घेतला. समोर अक्का पाय पसरून चहा पीत होती. आईनं मोबाईल ठेवून दिला.

तेवढ्यात शेजारचे काका दारात. "मावशी, येत्या रविवारी पुतण्याची वरात हाय. जीप पाहिजे हुती."

मी तोंड उघडायच्या आधी आई बोलली. "न्हाय जमायचं. रविवारी अक्काला सोडाय जायचं हाय."

"बरं, मग त्याच्या पुढच्या रविवारी? दुसरी वरात हाय."

"त्या रविवारी," आई म्हणाली, "अक्काला आणाय जायचं हाय."