इनास सरांच्या कॉम्प्युटरचं काय झालं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय कारण... कारण काही नाही. सांगतेय, एवढंच.

मी पापडीला कॉम्प्युटरचा क्लास चालवते. टायपिंग, एक्सेल, असलं पोटापुरतं. गावात मला ‘कॉम्प्युटरवाली मॅडम’ म्हणतात आणि खरं सांगू का, मला ते ऐकायला फार आवडायचं. आता कुणी म्हटलं की तोंड कडू होतं.

इनास सरांनी मला शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक काम अंगावर घेतलं होतं — इथल्या म्हाताऱ्या बायकांची गाणी गोळा करायची. वटार, गिरीज, कुणी सांगेल त्या गावात स्कूटरवर जायचे, छोटा रेकॉर्डर समोर ठेवायचे. हळदीची गाणी, लग्नात उंबराचं पाणी आणायला जाताना म्हणायची गाणी, बाळाला झोपवायची. ख्रिस्ती घरांतली आणि आमच्यासारख्या हिंदू वाडीवाल्यांचीही. ज्या बोलीत ती होती ती आता त्याच घरातल्या पोरांना धड येत नाही. गिरीजची माझी आत्याही सरांसमोर कितीतरी वेळ गायली होती. पुढे आत्या गेली.

सगळं सरांच्या जुन्या कॉम्प्युटरवर साठवलेलं. तो फारच रखडायला लागला तेव्हा मीच त्यावर लिनक्स ही फुकटातली, हलकी सिस्टिम टाकून दिली. म्हटलं, ‘व्हायरसची भीती नाही सर, एकदम सुरक्षित.’ मला लिनक्स येत होतं का? एका व्हिडिओत बघितलं होतं, तेवढंच. चाललं मात्र छान. सर येईल त्याला माझं कौतुक सांगायचे. ‘एक कॉपी दुसरीकडे ठेवूया का गं?’ असं त्यांनी एकदा विचारलंही. ‘मी घेते करून,’ म्हटलं. घेतली नाही.

मग एका दुपारी त्यांना आवाजातली खरखर काढायचं सॉफ्टवेअर हवं होतं. काम किती साधं होतं ते मला सांगितलंच पाहिजे. लिनक्समध्ये सॉफ्टवेअरचं एक दुकानच असतं. नाव शोधायचं, इन्स्टॉल दाबायचं, झालं. माहीत होतं मला. पण सर शहाळी काढायला मागे वाडीत गेले आणि काकी — त्यांच्या मिसेस — खुर्ची ओढून बघायला बसल्या. एका बटणात झालं असतं तर त्यात माझं काय दिसलं असतं? म्हणून मी टर्मिनल उघडलं, ती काळी खिडकी, जिथे आज्ञा लिहाव्या लागतात. कुठल्याशा जुन्या वेबसाइटवरच्या ओळी उचलल्या आणि डकवल्या. एकीचाही अर्थ कळत नव्हता. कॉम्प्युटरने पासवर्ड मागितला. मग विचारलं — हे हे काढून टाकावं लागेल, चालेल का? ही लांबलचक यादी. मी वाचली नाही. काकी बघत होत्या ना! ‘वाय’, म्हणजे हो, दाबून मोकळी झाले.

पुन्हा चालू केल्यावर सगळं काळं. नुसती पांढरी अक्षरं. ‘अपडेट होतंय,’ मी काकींना म्हटलं. त्या आत गेल्या.

तोवर खरं तर काहीच गेलं नव्हतं, हे मला आज कळतं. गाणी जागच्या जागी होती, मी मोडलं होतं ते फक्त स्क्रीनवर दाखवणारं. जाणत्या माणसाने पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करून ती सहज काढून घेतली असती. पण जाणत्याला फोन करायचा म्हणजे ‘मला येत नाही’ म्हणायचं. ते तोंडातून निघेना. मी पिशवीतला लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावला आणि सगळं पहिल्यापासून टाकायला घेतलं. त्याने विचारलं, अख्खी डिस्क पुसून टाकू? मला वाटलं, जुनं लिनक्स तेवढं पुसेल. वाटलं — की वाटून घेतलं? सर यायच्या आत स्क्रीन दिसायला हवी होती, बस.

सर केळीला पाणी सोडून, शहाळी घेऊन आले तेव्हा स्क्रीन झकास दिसत होती.

“अगं, गाणी कुठायत?”

“सर, तुम्ही काल काही दाबलं होतंत का?”

ते विचारात पडले. “काल... एक चौकोन आला होता. इंग्रजीत होतं काहीतरी. मी ओके केलं.”

“मग त्यानेच गेलं सर.”

किती सहज आलं ते तोंडात.

तुम्ही म्हणाल, घाबरली, बोलून गेली. नाही. घाण पुढे आहे.

सरांचा जावई म्हणाला, पुसलेलंही परत काढून देणारे असतात, डिस्क देऊन बघू. मी घाईघाईने म्हटलं, माझ्या ओळखीत आहे एक, मी दाखवते. का? कारण डिस्क कधी पुसली, कशी पुसली, हे त्या माणसाच्या लगेच लक्षात आलं असतं. मी ती घरी आणली. कुणालाही दाखवली नाही. थोडे दिवस जाऊ दिले, ‘काही निघत नाही म्हणे’ असं कळवलं आणि डिस्क क्लासच्या कॉम्प्युटरला जोडून टाकली. मुलं तिच्यावर एक्सेल शिकली, गाण्यांच्या जागेवर नवं नवं लिहिलं गेलं. गाणी मिळाली असती का? काही तरी मिळाली असती बहुतेक. कदाचित आत्याचीही. मला सगळं कळत होतं. आत्याच्या आवाजापेक्षा मला माझं नाव प्यारं होतं. असली मी.

सर घरोघरी गेले. ज्या बायका हयात होत्या त्यांच्याकडे, नव्हत्या त्यांच्या मुलांकडे. माफी मागायला. आमच्याकडेही आले. ओटीवर बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही.

“तुझ्या आत्याचा आवाज माझ्या हातून गेला गं,” म्हणाले. “न वाचता दाबलं मी.”

न वाचता दाबलं — त्यांनी! आणि मी काय केलं? त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, “असू दे सर. होतं असं.” मी त्यांना माफ केलं. तोंड धुवून जात नाही ते.

सर आहेत अजून. चर्चच्या वाटेवर भेटतात, क्लास कसा चाललाय विचारतात. गाणी गोळा करणं त्यांनी सोडलं. रेकॉर्डर कुणाला तरी देऊन टाकला. कॉम्प्युटर काकींनी झाकून ठेवलाय. फोनमध्ये नवीन काही टाकायचं असलं तर सर मला बोलावतात, फोन माझ्या हातात देतात आणि स्वतः मागे सरून उभे राहतात.

“तूच कर गं बाय,” म्हणतात. “माझा हात नको लागायला.”

मी इन्स्टॉल करून देते. काकी चहा आणतात. मी तो पिते.