न ऐकणाऱ्या इन्स्पेक्टरची तालीम

मी लिहावं की नाही, हे ठरवण्यातच चार आठवडे गेले. परशुरामअण्णांबरोबर काम केलेली मोठी माणसं आहेत, त्यांनी लिहायला हवं. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. आमचं मराठीही घरापुरतं, कन्नड मिसळलेलं. चुकलं तर माफ करा. पण अण्णा गेल्याचं कळलं तेव्हापासून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही…

बनशंकरीत आमच्या गल्लीच्या टोकाला अण्णांचं घर. दूरदर्शनवरच्या जुन्या पोलीस मालिकेत ते इन्स्पेक्टर होते. मालिका संपून कितीतरी वर्षं झाली, तरी लोक हरवलेल्या सायकलीपासून नळावरच्या भांडणापर्यंत सगळ्या तक्रारी त्यांच्याकडेच आणायचे. कॉलेजच्या अंकासाठी मी एकदा भीत भीत विचारलं, लोक मालिका अजून का विसरत नाहीत? ते हसले. "अरे, पहिल्याच भागात मी वाक्यं विसरलो! समोरची बाई रडून सांगतेय आणि मी नुसता बघतोय. दिग्दर्शक म्हणाले, असंच ठेवा. चोर काय, सगळेच इन्स्पेक्टर पकडतात. पण मधेच न तोडता कुणी ऐकून घेतं, याचं लोकांना नवल वाटलं. अजून वाटतं… हे काही बरं नाही बघ."

दसऱ्याच्या आधी आईचं शिलाई मशीन चोरीला गेलं. तिच्या शिवणावरच माझं कॉलेज चाललेलं. पोलीस स्टेशनच्या दारातच "नंतर या" ऐकून ती परतली आणि तडक अण्णांकडे गेली. "अण्णा, तुम्ही एक फोन करा की!"

"मी फोन केला तर विचारतील, कितव्या भागातलं बोलताय? बस अक्का. मी पोलीस. सांग."

आईनं तोंड उघडलं आणि अण्णा ओरडले, "नंतर या! मशीनची पावती आहे? नाही? मग जा!"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला राग आला. म्हणालो, "अण्णा, तुमचा इन्स्पेक्टर असा नव्हता."

"तो तिला तिथं भेटणार नाही रे," ते म्हणाले. "परत, अक्का."

पाच दिवस रोज संध्याकाळी ही तालीम चालली. अण्णा खोकत खोकत तिला हाकलायचे, ती गप्प व्हायची. पाचव्या दिवशी मात्र ती हलली नाही. "स्वल्प थांबा सर. माझं बोलून झालं नाही." अण्णांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात त्यांना दवाखान्यात नेलं. आई मला घेऊन पुन्हा स्टेशनात गेली. दोनदा हाकलल्यावरही ती बाकावर बसून राहिली, आणि शेवटी पोलिसांना तक्रार लिहून घ्यावी लागली. पण अण्णांना हे सांगायला ती तयार नव्हती. "मशीन मिळू दे, मग सांगू." अण्णांची तब्येत उतरत चालली होती… मला वाटायचं, उशीर होणार.

एका दुपारी स्टेशनातून फोन आला आणि मी बस पकडून धावतच वॉर्डात शिरलो. अण्णांना बोलवत नव्हतं, पण डोळे उघडे होते. मी त्यांच्या कानाशी वाकलो.

"मशीन सापडलं अण्णा! यशवंतपूरला, जुन्या सामानाच्या दुकानात. आई ओळख पटवायला गेलीय. मी येतो म्हटलं, तर नको म्हणाली. एकटी गेलीय."