तेंदाईची भट्टी

जवळ सरका पाहू. एवढ्या दूर बसून ऐकतं का कोणी? अन् तो मोबाइल पालथा ठेवा.

तर बोरकरभाऊ म्हणून राहिले होते, "इतिहास-बितिहास नको वहिनी. पोरीले नाचायले सांगा."

बोरकरभाऊ म्हणजे भिलाईतल्या आमच्या सेक्टर सहाच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी, ब्लास्ट फर्नेसवरून, म्हणजे लोखंड गाळायच्या मोठ्या भट्टीवरून, रिटायर झालेले फोरमन. पोरगी म्हणजे तेंदाई, झिम्बाब्वेची. जुनवानीत माझ्या वरच्या खोलीत राहते, मेकॅनिकल शिकते. मंडळाच्या प्रदर्शनाचा विषय होता लोखंड. आफ्रिकेतली काळी माणसं शेकडो वर्षांपासून मातीच्या भट्टीत लोखंड गाळत आली, हे तिला भिलाईला सांगायचं होतं. त्यासाठी एक स्टॉल पाहिजे होता.

"अंकल, मुझे नाचना नहीं आता. वेल्डिंग आता है."

"तुमच्याकडं तर सगळेच नाचतात ना?"

"अन् आपल्याकडं सगळेच साप खेळवतात," मी म्हटलं. "तुमचा कुठं हाय, भाऊ?"

"बरं, बरं. उद्या चार्ट दाखवा, मंग पाहू."

माझी सगळी नोकरी स्टील प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात झाली. सेक्शन काढणं हे आमचं काम. सेक्शन म्हणजे वस्तू पपईसारखी उभी चिरली तर आतून कशी दिसेल, ते चित्र. तेंदाईनं पेन्सिलनं भट्टी काढून दिली, मी शाईत घेतली. भट्टीच्या पुढं दोन गोल उंचवटे होते. मी पडले शहाणी. न विचारताच लिहिलं, 'ट्युयर'. म्हणजे भट्टीत हवा फुंकायची नळी.

तेंदाई हसत हसत खालीच बसली. "आंटी, ये पाइप नहीं है! ये माँ है!"

तिच्या आजीच्या मुलखात भट्टी म्हणजे बाई. तिला छाती, तिला पोट. लोखंड निघालं की बाळंत झाली म्हणायचं. मी गपचूप अक्षरं खरवडली.

दुसऱ्या दिवशी बोरकरभाऊंनी चार्ट पाहिला. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिला.

"वहिनी, बायामाणसं येतीन. वरून काही कपडा..."

"भट्टीले ब्लाउज शिवू का?"

"मस्करी नका करू. असा चार्ट असन तर स्टॉल नाही भेटत."

तेंदाई चार्ट गुंडाळायला लागली. मला राहवेना.

"भाऊ, तुमच्या फर्नेसले नाव कोणाचं होतं?"

"देवीचं."

"पेटवायच्या आधी काय करत होते?"

"नारळ फोडत होतो. हळद-कुंकू वाहत होतो."

"अन् लोखंड नाही निघालं, तर काय म्हणत होते तुम्ही लोकं?"

भाऊ जरा अडखळले. "म्हणत होतो... आज माय रुसली."

"मंग हे त्याच मायची मोठी बहीण."

भाऊंनी तिच्या हातून चार्ट घेतला, टेबलावर पसरला. "बेटा, इसको हवा कौन देता है? ब्लोअर?"

"भाता, अंकल. हाथ से. गाना गाते-गाते."

"हाथ से?" भाऊंनी खुर्ची ओढली. "बैठो. शुरू से बताओ."

स्टॉल मिळाला, तोही दाराशी. भाऊ संध्याकाळभर तिथंच उभे, येईल त्याला म्हणून राहिले, "चप्पल काढा आधी." मग काय, बायांनी चार्टलाच हळद-कुंकू लावलं. माझ्या सेक्शनचा पार बट्ट्याबोळ! तेंदाईनं मात्र कोणाला अडवलं नाही. तसाच फोटो काढून आजीला पाठवला.

धडा एवढाच, की भिलाईत कोणाचा मान करायचा असेल तर चार्टवर आधी काच बसवावी.

परीक्षा झाली की तेंदाई घरी जाईल. त्याच्या आधी माझ्याकडं जेवायला या. ती मक्याच्या पिठाचा साद्झा घोटते, मी त्याच्यावर झुणका वाढते. पण या लवकर, नुसतं 'हो हो' नका म्हणू.