चालण्याचे सेकंद

भुयारी रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनावर सिग्नलच्या केबिनमध्ये ताई बसायच्या. तोंडाने फटकळ, पण कामाला चोख. बावीस वर्षं समोरचे लाल-हिरवे दिवे बघून चष्म्याचा नंबर वाढत गेला, पण वहीत एका गाडीचा एक सेकंद इकडचा तिकडे केला नाही.

मोठ्या ऑफिसातल्या साहेबांनी एके दिवशी परस्पर जाहीर करून टाकलं, यापुढे दर नव्वद सेकंदांनी गाडी. बोगद्यात नवे सिग्नल बसले, फीत कापली, फोटो निघाले. स्टाफने साहेबांचं नाव 'नव्वद्या' ठेवलं. गाड्या एकीमागे एक धावू लागल्या, हे खरं. पण शेवटी येऊन वळायचं कुठे? फलाट दोनच, आणि त्यांच्या तोंडाशी रूळ बदलायचा सांधा एकच. आतली गाडी त्यावरून बाहेर पडेपर्यंत मागचीने बोगद्यात ताटकळायचं. आणि आतली निघणार कधी? ड्रायव्हर आपली केबिन बंद करणार, चार डबे तुडवत दुसऱ्या टोकाला जाणार, तिथली उघडणार, तेव्हा. यात न कळण्यासारखं काय आहे, सांगा! पण साहेबांना कळेना.

ताईंनी उपायही सांगितला. दुसऱ्या टोकाला एक जादा ड्रायव्हर आधीच उभा ठेवा. गाडी आली की तो चढेल, उतरलेला सावकाश चालत येऊन पुढची गाडी घेईल. वरून उत्तर आलं, पुरावा द्या. देते की, म्हणाल्या ताई, आणि वहीत पट्टीने एक नवा रकाना आखला: 'चालण्याचे सेकंद'. तसा हुकूम कुणाचाच नव्हता. सहा महिने त्या प्रत्येक ड्रायव्हरपुढे आकडा भरत राहिल्या. कुणाला साठ, कुणाला सत्तर. वही वर पाठवली आणि जादा ड्रायव्हरची वाट बघत बसल्या.

आली ती आरोपपत्रं. ज्या तिघांचे आकडे मोठे, त्यांच्यावर कामात दिरंगाईचा ठपका. सगळ्यात मोठा आकडा एकशे दहा, आणि तो ताईंच्या सख्ख्या थोरल्या भावाचा. दादाचा गुडघा दोन वर्षांपासून कामातून गेलेला. ताईंनी त्याचेही सेकंद जसेच्या तसे लिहिले होते. हा आकडा बघून तरी मेल्यांचे डोळे उघडतील, असं त्यांना वाटलं होतं.

चौकशीत साहेबांनी वहीचं तोंड भरून कौतुक केलं. ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हा रकाना मी माणसं धरायला आखला नव्हता. गाड्या का तुंबतात ते दाखवायला आखला होता."

"अक्षर तुमचंच ना?" साहेबांनी विचारलं.

अक्षर ताईंचंच होतं. नाही कसं म्हणणार?

दादाला गाडीवरून उतरवलं आणि हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसवलं. तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस आता लोकांच्या छत्र्यांना चिठ्ठ्या लावतो. त्याच्या जागी ताठ पायांचा तरणा ड्रायव्हर आला, पंचावन्न सेकंदांत पोचतो. तरी गाड्या बोगद्यात अडकतातच, कारण सांधा अजून एकच आहे. साहेब फोन करून विचारतात, आता कोणामुळे? ताई फोन आपटतात.

सुट्टीच्या दिवशी त्या दादाकडे गेल्या. वहिनींनी पाण्याचा पेला ठेवला आणि आत निघून गेल्या. दादा पाय स्टुलावर टाकून गुडघा शेकत बसला होता. त्याने शिव्या घातल्या तर काय बोलायचं, हे ताईंनी वाटेत दहा वेळा घोकलं होतं. पण तोच म्हणाला, "तेवढे लागतच होते गं मला. तू खोटं कशाला लिहिशील?"

त्यापेक्षा त्याने दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्या, तर ताई सुटल्या असत्या.