काचेखालचा बुडबुडा

तेलाच्या टाक्या तपासणाऱ्या त्या माणसाला कामावर सगळे ‘चाळणी’ म्हणत. त्याच्या हाती दिला की टाकीच्या धडधाकट तळाचीही चाळण होते, असं वेल्डर चिडून म्हणायचे. सगळ्यात जास्त चिडायचा तो त्याचा सख्खा मेहुणा. जोडाला साबणाचं पाणी फासायचं, वर काचेची पेटी दाबून पंपानं आतली हवा ओढायची. जोड कुठं फुटका असला की तिथं बुडबुडा फुगतो. मेहुण्याचे जोड त्यानं इतक्यांदा खरवडून पुन्हा करायला लावले, की एकदा वर्षभर दोघांत बोलणंच नव्हतं. बायकोनं भावाची बाजू घेतली, तर हा म्हणाला, “तेल नातं बघत नाही.”

कामाआधी पेटीचीच परीक्षा घ्यायची, असा नियम होता. सुईएवढं भोक पाडलेला एक नमुन्याचा पत्रा असे. त्यावर बुडबुडा दिसला, तर पेटी शाबूत.

त्या सकाळी बुडबुडा दिसेना. त्यानं पेटीचं रबर बदललं, साबण दाट केला, पंपाला शिव्या घातल्या. काचेखाली नुसतं धुकं.

“दाजी,” दिवा धरून बसलेला मेहुणा हळूच म्हणाला, “केव्हाचा टम्म फुगलाय की.”

“दिसला मला,” चाळणी खेकसला.

मग दोघं गुडघ्यांवर तळभर सरकत राहिले. मेहुणा दिवा पुढं धरायचा आणि न विचारताच म्हणायचा, “स्वच्छ.”

“एकही नाही?”

“जन्मभर माझ्या जोडांत खोट काढलीत. आज काढायला काही नाही, म्हणून चैन पडत नाही होय?”

हसायला हवं होतं. पण धुकं काही आजच उतरलं नव्हतं. समोरून येणारी बायको तो कधीपासून चेहऱ्यावरून नव्हे, चालीवरून ओळखत होता. तेव्हापासून त्यानं पास केलेल्या टाक्या आज काठोकाठ भरून उभ्या होत्या.

“खरं सांग.”

“सही करा नि घरी चला. ताईच्या जिवाला कशाला घोर?”

“खरं सांग रे.”

मेहुण्यानं दिवा खाली ठेवला. “भिंतीलगत तीन होते.”

“दाखव.”

“दाखवून काय करणार, दाजी?”

चाळणीनं हात पुढं केला. मेहुण्यानं त्याचं बोट धरून जोडावर टेकवलं. त्या बोटाभोवती चाळणीनं दुसऱ्या हातानं चाचपडत खडूचा गोल काढला. मग दुसरा. मग तिसरा.

“साहेबांना सांग, सगळा तळ दुसऱ्या माणसाकडून बघून घ्या. आणि आधीच्या टाक्याही.”

“त्या भरल्यात. आता कोण उघडतंय?”

शेवटच्या गोलात चाळणीचं बोट अजून टेकलेलंच होतं. पत्रा गार होता, गुळगुळीत होता, आणि बोटाला काहीच लागत नव्हतं.